वणवा वस्तीकडे येतो तेव्हा: घर सोडण्याची तयारी आणि माणसांचा आधार

दिवाळी उलटली की सिंहगड, कात्रज, बोपदेव आणि दिवे घाटाच्या उतारांवरचे गवत पिवळे पडू लागते, आणि होळीच्या सुमारास ते इतके वाळते की मुठीत धरून चुरडले तर त्याचा भुगा होतो. फेब्रुवारीपासून वळवाचा चांगला पाऊस पडेपर्यंतचे तीन-चार महिने हे पुण्याच्या आसपासच्या वणव्याचे दिवस असतात. मुळशी, मावळ, वेल्हे आणि भोर या भागांत रात्री डोंगरावर दिसणारी आगीची माळ लहानपणापासून पाहिलेली असल्यामुळे आपण तिला सरावलो आहोत, आणि बहुतेक वेळा ती माथ्यावरच विझून जाते, हेही खरे आहे. परंतु डोंगराच्या पायथ्याशी आता जुन्या वाड्यांच्या जोडीला फार्महाऊस, बंगल्यांच्या वसाहती आणि शहराच्या बाजूने टेकडीला भिडलेल्या सोसायट्या उभ्या राहिल्या आहेत. वणवा आणि घर यांच्यामधली मोकळी जागा दरवर्षी कमी होत आहे. अशा वेळी घर सोडण्याची पाळी आलीच तर काय करावे, आधी काय ठरवून ठेवावे आणि त्या प्रसंगात इतरांनी आधार कसा द्यावा, हे या लेखात क्रमाने सांगण्याचा प्रयत्न केला आहे.

वणव्याच्या दिवसांत वन विभागाच्या कर्मचाऱ्यांबरोबर मदतीला जाणाऱ्यांपैकी मी एक आहे. दोन वर्षांपूर्वीच्या मार्च महिन्यात वेल्ह्याकडच्या एका वाडीत दुपारी चारच्या सुमारास धूर खाली उतरू लागला, तेव्हा गोठ्याच्या उंबऱ्याशी बसलेल्या एका आजींना उठवण्यासाठी आम्ही चार जण विनवण्या करत होतो. आग कुठवर आली आहे, वारा कसा फिरला आहे, हे सगळे आम्ही त्यांना सांगून पाहिले. त्यांनी ऐकून घेतले आणि शांतपणे विचारले, “पण जायचं कुठं?” आमच्यापैकी एकाकडेही त्याचे उत्तर नव्हते. थोड्या वेळाने नदीपलीकडच्या गावातून त्यांची भाचेसून टेम्पो घेऊन आली आणि एवढेच म्हणाली, “आत्याबाई, चला, भात टाकून आलेय.” आजी त्याच क्षणी उठल्या. त्या रात्री गोठ्यामागची पेंढ्याची गंजी जळाली; घर वाचले, माणसे वाचली. तेव्हापासून माझे मत ठाम झाले आहे की घर सोडण्याच्या तयारीत पिशवीचा क्रमांक दुसरा लागतो. पहिला क्रमांक त्या घराचा, ज्याचे दार आपल्यासाठी उघडे असल्याचे आपल्याला आधीपासून माहीत असते.

आग कशी चालते हे समजून घ्यावे

आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसाच्या हातूनच लागतात. भातखाचरात राब (रोपांच्या जागेवर पसरलेला पालापाचोळा) भाजताना ठिणगी बांधाबाहेर जाते, पुढच्या वर्षी गवत चांगले यावे या समजुतीने कोणी माळ पेटवतो, रस्त्याच्या कडेला पेटती विडी किंवा सिगारेट पडते, कचरा जाळून माणसे निघून जातात, सहलीला आलेल्यांची चूल तशीच धुमसत राहते. एकदा लागलेली आग मात्र आपल्या नियमांनी चालते आणि ते नियम डोंगराखाली राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावेत.

आग चढाला वेगाने पळते, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून वाळवत असतात. उतार दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा वापरला जातो. त्यामुळे सोंडेवर किंवा माथ्यावर असलेल्या घराला खालून येणारी आग अधिक धोक्याची असते. पायथ्याच्या घराकडे आग सावकाश उतरते, परंतु जळती लाकडे आणि शेणाच्या पेटत्या गोवऱ्या उतारावरून घरंगळत येतात, आणि वारा असेल तर ठिणग्या आगीच्या कितीतरी पुढे जाऊन पडतात. घर पेटते ते पुष्कळदा ज्वाळेने नव्हे, तर पन्हळीत साचलेल्या पाचोळ्यावर, कौलांच्या फटीत किंवा पडवीतल्या सरपणावर पडलेल्या ठिणगीने. दिवसा तापलेली हवा डोंगर चढते आणि सूर्यास्तानंतर गार होऊन खाली उतरते; म्हणून दुपारभर माथ्याकडे जाणारा धूर संध्याकाळी अचानक वस्तीकडे वळलेला दिसतो. त्या वेळी आग नवी नसते, वारा बदललेला असतो. डोंगरातली अरुंद घळ धुराड्यासारखे काम करते, म्हणून आग खाली असताना घळीतून वर जाण्याचा विचारही करू नये.

संक्रांतीपर्यंत कोणते घर ठरवावे

तयारीची वेळ जानेवारी ही आहे. मकर संक्रांतीला तिळगूळ देण्यासाठी आपण एकमेकांच्या घरी जातोच, तेव्हा हा विषय काढण्यास यासारखा दुसरा मुहूर्त नाही. डोंगरापासून दूर, शक्यतो नदीपलीकडे किंवा मुख्य रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला असलेल्या एका घराशी स्पष्ट शब्दांत बोलून ठेवावे. “वणवा खाली आला तर आम्ही पाच माणसे आणि दोन म्हशी तुमच्याकडे येऊ, चालेल का?” असा थेट प्रश्न विचारावा आणि थेट उत्तर घ्यावे. आपल्या समाजात “कधीही या, घर तुमचंच आहे” असे मनापासून म्हटले जाते, पण रात्री अकराला दारात उभे राहताना माणसाला संकोच वाटतो तो वाटतोच, आणि त्या संकोचापायी माणसे निघण्यास उशीर करतात. माणसांची संख्या, जनावरे, आजारी व्यक्ती आणि पथ्य हे सगळे आधी सांगितलेले असले की हा संकोच पुष्कळ कमी होतो. पहिल्या घराचा रस्ता आगीनेच अडवला तर कुठे जायचे, यासाठी दुसऱ्या दिशेचे आणखी एक घर ठरवावे. नातेवाईक जवळ नसतील तर गावातील शाळा, मंदिराची धर्मशाळा किंवा मंगल कार्यालय यांच्या किल्ल्या कोणाकडे असतात हे विचारून ठेवावे.

याच काळात वस्तीत घरांच्या जोड्या लावाव्यात. प्रत्येक घराने एका शेजारघराची जबाबदारी घ्यायची, म्हणजे निघण्यापूर्वी त्या घरात माणूस आहे की नाही हे प्रत्यक्ष जाऊन पाहायचे, असा साधा नियम पुरेसा आहे. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या, अंथरुणाला खिळलेल्यांच्या, गरोदर बायकांच्या आणि ज्यांच्या घरी मोबाईल नाही अशांच्या बाबतीत ही जोडी कागदावर लिहून ती पोलीस पाटील, आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांच्याकडे ठेवावी. या तिघांना वस्तीतील प्रत्येक घराची जेवढी माहिती असते तेवढी कोणत्याही यंत्रणेला नसते. फार्महाऊसवर राखणीला ठेवलेले कुटुंब, वीटभट्टीवरील मजूर, ऊसतोडीला आलेल्यांच्या पालावरील माणसे आणि बांधकामावरच्या झोपड्या या यादीतून हमखास सुटतात. मालक पुण्यात असतो, गावाशी त्यांचा परिचय नसतो आणि कोणता रस्ता कुठे जातो हे त्यांना ठाऊक नसते. त्यांची नावे यादीत सर्वांत वर असावीत, असे मी आग्रहाने सांगेन.

घराभोवतीची जागा

घराच्या भिंतीलगतच्या पाच फुटांत जळण्यासारखे काहीही ठेवू नये; सरपण, गोवऱ्या, रिकामी पोती, प्लास्टिकच्या खुर्च्या हे सगळे तेथून हलवावे. त्यापुढे साधारण तीस मीटरपर्यंतचे वाळके गवत कापून काढावे आणि झाडांच्या जमिनीला टेकणाऱ्या फांद्या छाटाव्यात. पेंढ्याची किंवा कडब्याची गंजी घर आणि गोठा यांपासून दूर आणि शक्यतो नांगरलेल्या रानात रचावी. गोठ्याच्या मागे गंजी घालण्याची आपली सवय सोयीची आहे, पण वणव्याच्या दृष्टीने तिच्याइतकी घातक गोष्ट दुसरी नाही. पन्हळी आणि पत्र्यावरचा पाचोळा होळीपूर्वी एकदा आणि त्यानंतर दर पंधरवड्याला झाडून काढावा.

वन विभाग आपल्या हद्दीत जाळरेषा घेतो, म्हणजे ठरावीक रुंदीच्या पट्ट्यातील गवत काढून किंवा नियंत्रितपणे जाळून आग अडवण्यासाठी मोकळी पट्टी तयार करतो. आपल्या गायरानाच्या किंवा मालकीच्या बाजूने तशीच पट्टी हवी असेल तर वनरक्षकाशी बोलून, ग्रामपंचायतीमार्फत आणि गवत कापूनच ती करावी. स्वतःच्या मनाने आग लावून पट्टी करण्याच्या नादात वणवा लागल्याची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत. शिवाय राखीव वनात आग लावणे किंवा आग पोहोचेल असे वागणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे.

पिशवीबद्दल थोडक्यात

पिशवी एकच असावी आणि ती दाराजवळच्या खुंटीला टांगलेली असावी. तिच्यात आधार कार्ड, रेशन कार्ड, सातबारा व आठ-अ उतारे, बँकेचे पासबुक, विम्याची कागदपत्रे यांच्या प्रती प्लास्टिकच्या पाकिटात ठेवाव्यात. मूळ कागद कुठे आहेत हे घरातील दोघांना तरी माहीत असावे, आणि जे कागद डिजिलॉकरमध्ये ठेवता येतात ते ठेवावेत. आठवड्याची औषधे, चष्म्याची जुनी जोडी, काही रोख रक्कम, विजेरी, पॉवर बँक, प्रत्येकी दोन लिटर पाणी, सुती कपड्यांचा एक जोड आणि एन-९५ मास्क एवढे पुरे. महत्त्वाचे दहा फोन नंबर हाताने लिहिलेला कागद त्यात असावा, कारण मोबाईल बंद पडल्यावर स्वतःच्या मुलाचा नंबरही आठवत नाही. कपडे सुती असावेत यावर भर देण्याचे कारण असे की नायलॉन आणि पॉलिएस्टर उष्णतेने वितळून अंगाला चिकटते.

ज्यांच्या घरी जनावरे आहेत त्यांनी कानातील पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा अंकी क्रमांक आणि प्रत्येक जनावराचा फोटो मोबाईलमध्ये ठेवावा. जनावर हरवले किंवा दगावले तर ओळख पटवण्यास त्याचा उपयोग होतो.

सूचना कोणाकडून घ्यावी, कोणाला द्यावी

डोंगरावर आग दिसली की सर्वप्रथम वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. घर, गोठा किंवा माणूस धोक्यात असेल तर ११२ किंवा अग्निशमन दलाच्या १०१ वर, जखमींसाठी १०८ वर आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७ वर संपर्क साधावा. फोनवर सांगताना “डोंगराला आग लागली आहे” एवढे पुरत नाही. जवळचे गाव, डोंगराची कोणती बाजू, आग वर चालली आहे की खाली येत आहे, आणि गाडी कोणत्या रस्त्याने कुठपर्यंत येऊ शकते, या चार गोष्टी सांगाव्यात.

भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांनी टिपलेल्या आगींची सूचना नोंदणी केलेल्या व्यक्तींना मोबाईलवर पाठवते, आणि सामान्य नागरिकालाही ही नोंदणी करता येते. मात्र उपग्रह ठरावीक वेळांनाच डोक्यावरून जातो, त्यामुळे दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात लागलेली आग पुढच्या फेरीपर्यंत त्याला दिसत नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ हे ॲपही मोबाईलमध्ये असावे. असे असले तरी वस्तीच्या पातळीवर मंदिराची घंटा आणि ग्रामपंचायतीचा भोंगा यांच्याइतके खात्रीचे साधन नाही. कोणती खूण म्हणजे तयारीत राहा आणि कोणती म्हणजे निघा, हे ग्रामसभेत ठरवून दोन वेळा वाजवून दाखवावे, म्हणजे ऐनवेळी कोणी आरतीची वेळ समजून बसून राहणार नाही.

निघायचे कधी

या प्रश्नाचे उत्तर घरबसल्या, शांतपणे, आधीच ठरवून ठेवायचे असते. डोळ्यांनी दिसणारी एक रेषा निवडावी: अमुक टेकाड, अमुक ओढा, अमुक विजेचा मनोरा. आगीने ती रेषा ओलांडली की चर्चा न करता निघायचे. वृद्ध, लहान मुले, दम्याचे व हृदयाचे रुग्ण आणि गरोदर बायका यांनी ही रेषा येण्याचीही वाट पाहू नये. धूर वस्तीत उतरला की त्यांना हलवावे. रात्री आठनंतर निघावे लागेल अशी शंका असेल तर उजेडातच निघणे शहाणपणाचे असते.

उशिरा निघण्याची किंमत जगाने मोजलेली आहे. कॅलिफोर्नियातील पॅराडाईज या गावात ८ नोव्हेंबर २०१८ रोजी सकाळी पसरलेल्या आगीत ८५ माणसे गेली. गावाबाहेर पडण्याचे मोजके रस्ते गाड्यांनी तुंबले होते. त्याच वर्षी जुलैमध्ये ग्रीसमधील माती येथे शंभरहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, त्यांतील काही समुद्राच्या अगदी जवळ पोहोचूनही वाट न सापडल्याने अडकली. याउलट कॅनडातील फोर्ट मॅकमरी येथून मे २०१६ मध्ये सुमारे ८८ हजार माणसे बाहेर पडली आणि प्रत्यक्ष आगीने एकाचाही बळी घेतला नाही, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. आपल्या वाड्यांना बहुधा एकच रस्ता असतो आणि त्याच रस्त्याने अग्निशमनाची गाडी वर येणार असते, त्यामुळे एका घराने एकच वाहन काढावे आणि उरलेली वाहने रस्त्याच्या कडेला न लावता मोकळ्या रानात उभी करावीत.

शेवटची पंधरा मिनिटे

सर्वप्रथम माणसे मोजावीत. त्यानंतर ठरलेल्या घरी फोन करून “आम्ही निघालो” एवढे सांगावे आणि जोडीच्या घरात जाऊन पाहावे. गॅसच्या सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून काढावा, मेन स्विच बंद करावा, खिडक्या-दारे लावून घ्यावीत. पण कडी-कुलूप घालू नये, कारण आग विझवणाऱ्यांना आत जावे लागू शकते. चोरीची भीती वाटणे स्वाभाविक आहे, म्हणून दागिने आणि रोख रक्कम बरोबर घ्यावी. पडदे आणि वाळत घातलेले कपडे खिडकीपासून दूर करावेत. पाण्याने भरलेल्या घागरी, बादल्या आणि एक शिडी अंगणात दिसेल अशी ठेवावी. घरावर पाणी मारत बसण्यात वेळ घालवू नये.

जनावरांच्या बाबतीत थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. धूर नाकात गेला की म्हैस मागे ओढ घेते आणि दाव्याची गाठ इतकी आवळते की ती बोटांनी सुटत नाही. त्या आजींच्या गोठ्यात आम्ही तसाच खटाटोप करत होतो. नखे मोडली, गाठ हलली नाही. शेवटी आजींनीच वळचणीला खोचलेला विळा काढून दिला आणि दावे खुंट्याजवळ कापले. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो की गोठ्याच्या दाराशी धारदार विळा कायम खोचलेला असावा, आणि वणव्याच्या दिवसांत दावे ओढताच सुटणाऱ्या सुरगाठीने बांधावे. जनावरे हलवण्यास वाहन असेल तर ती माणसांच्या आधी, दुपारीच हलवावीत. वाहन नसेल तर त्यांना नांगरलेल्या रानात किंवा तळ्याकाठच्या मोकळ्या जागेत हाकलून गोठ्याचे दार बाहेरून बंद करावे, नाहीतर घाबरलेले जनावर ओळखीच्या जागी, म्हणजे पेटत्या गोठ्यातच, परत शिरते. कोंबड्यांचे खुराडे उघडावे, कुत्र्याची साखळी सोडावी. आगीपुढे पळणारे साप आणि विंचू याच वेळी वस्तीत येतात, म्हणून पायात बूट आणि हातात विजेरी असल्याशिवाय अंधारात गोठ्यात शिरू नये.

वाटेत आगीने गाठले तर

गाडीत असताना धूर दाट झाला तर दिवे लावून सावकाश जावे. पुढचा रस्ता पेटलेला असेल आणि मागे फिरता येत नसेल, तर झाडे-झुडपे नसलेल्या जागी गाडी थांबवावी, काचा आणि हवेची भोके बंद करावीत, खिडकीच्या पातळीखाली झुकून लोकरीच्या घोंगडीने अंग झाकावे आणि आगीची लाट पुढे जाईपर्यंत आतच राहावे. गाडीतून उतरून पळणारा माणूस आगीच्या उष्णतेत फार वेळ तग धरत नाही.

पायी असताना चढाला पळू नये. नांगरलेले रान, आधीच जळून काळी झालेली जमीन, उघडा कातळ किंवा तळे गाठावे. आगीची कड बारीक आणि गवत आखूड असेल तरच ती ओलांडून जळलेल्या बाजूला जाता येते. तेही जमले नाही तर खोलगट मोकळ्या जागी, आगीकडे पाय करून पालथे पडावे आणि तोंड जमिनीजवळ ठेवावे, कारण तेथील हवा कमी तापलेली असते. तोंडावर कोरडे सुती कापड धरावे. ओल्या कापडातली वाफ श्वासाबरोबर आत जाऊन पोळू शकते.

अंग भाजले तर त्या जागी वीस मिनिटे साधे गार पाणी वाहते ठेवावे आणि बांगड्या, अंगठ्या सूज येण्याआधी काढाव्यात. हळद, टूथपेस्ट, तूप किंवा बर्फ लावू नये. आवाज घोगरा होणे, थुंकीत काजळी दिसणे, नाकातील केस जळालेले असणे ही श्वासनलिका भाजल्याची लक्षणे असू शकतात. असा माणूस बोलता-चालता असला तरी त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे.

टेकडीकाठच्या सोसायट्यांसाठी

वेताळ टेकडी, तळजाई, हनुमान टेकडी, बाणेर-पाषाणची टेकडी यांच्या कडेला राहणाऱ्यांना घर सोडावे लागण्याची शक्यता कमी, पण धुराचा त्रास निश्चित असतो. या टेकड्यांवर लावलेला गिरिपुष्प उन्हाळ्याच्या तोंडाशी पाने गाळतो आणि त्याचा पाचोळा पटकन पेटतो. टेकडी पेटल्यावर खिडक्या बंद कराव्यात, कूलर बंद ठेवावा, कारण तो बाहेरचा धूरच आत ओढतो, आणि घरातील एक खोली ओल्या पंच्यांनी फटी बुजवून राखीव ठेवावी. धुरातील सूक्ष्म कण साध्या रुमालाने अडत नाहीत. त्यासाठी नाकाला घट्ट बसणारा एन-९५ मास्क लागतो. दम्याच्या रुग्णांनी दुसऱ्या पेठेतील नातेवाइकांकडे दोन दिवस राहायला जाणे हे कोणत्याही यंत्रापेक्षा गुणकारी ठरते. सोसायटीच्या टेकडीकडील फाटकाची किल्ली वॉचमनकडे आहे का आणि अग्निशमनाची गाडी तेथपर्यंत वळते का, हे समितीने फेब्रुवारीपूर्वी एकदा पाहून घ्यावे.

दुसऱ्याच्या घरातील पहिली रात्र

घर सोडून आलेल्या माणसाला आश्रय मिळाला म्हणजे प्रश्न सुटला, असे यजमानाला वाटते. आलेल्या माणसाचे मन मात्र डोंगराकडे लागलेले असते. त्याला झोप येत नाही, तो दर दहा मिनिटांनी फोन पाहतो, लहानशा आवाजाने दचकतो. हे सगळे स्वाभाविक आहे आणि बहुतेकांच्या बाबतीत काही दिवसांत ओसरते. यजमानाने प्रथम पाणी, मग गरम जेवण आणि अंघोळीची सोय द्यावी. धुराचा वास अंगाला असेपर्यंत माणसाला आपण सुटलो असे वाटत नाही. झोपण्याची जागा दाखवून “इथे हवे तितके दिवस राहा” असे मोघम बोलण्याऐवजी “रविवारपर्यंत तरी तुम्ही इथेच आहात, पुढचं रविवारी बोलू” असे सांगावे. मुदत कळली की पाहुण्याचा संकोच कमी होतो आणि यजमानाच्या घरातही कुरबूर होत नाही.

काय झाले ते खोदून विचारू नये, पण कोणी सांगू लागला तर मध्येच तोडू नये. “जीव वाचला ना, बाकी सगळं परत येईल” हे वाक्य आपण धीर देण्यासाठी म्हणतो. ज्याची गंजी, गोठा आणि वर्षभराचे भात गेले आहे त्याला ते ऐकवत नाही. त्याऐवजी त्याच्याबरोबर बसून उद्या कोणाला फोन करायचे याची यादी करावी. पाहुण्यांनीही घरातील कामात हात द्यावा. भाजी निवडणे, पाणी भरणे, मुलांना शाळेत सोडणे यांतून दिवसाला आकार येतो आणि आपण कोणावर भार आहोत ही भावना सैल होते. मुलांना आगीची दृश्ये मोबाईलवर पुन्हा पुन्हा पाहू देऊ नयेत, मात्र “कुत्रा कुठे आहे?” असे मुलाने विचारले तर खरे उत्तर द्यावे, ठाऊक नसेल तर “शोधतो आहोत” असे सांगावे. दोन-तीन आठवड्यांनंतरही झोप, भूक किंवा बोलणे पूर्ववत झाले नाही, तर टेली-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतून विनामूल्य बोलता येते.

लांबून मदत करणाऱ्यांनी

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि खडकवासला धरणे फुटली तेव्हा पुण्याने शाळा, वाडे आणि घरे पूरग्रस्तांसाठी उघडली, आणि पुढे गोखलेनगर व सहकारनगर यांसारख्या भागांत त्यांच्या वसाहती वसल्या. मदत करण्याची या शहराची वृत्ती खरी आहे. ती नेमकी पोहोचण्यासाठी मात्र काही पथ्ये पाळावी लागतात. जुन्या कपड्यांचे गठ्ठे पाठवू नयेत. ते निवडण्यात मदतगटाचे दोन दिवस जातात. पैसे, चारा, पत्रे, भांडी आणि शाळेची पुस्तके यांची गरज बहुधा असते, आणि तीही सरपंचांना किंवा ग्रामसेवकांना विचारूनच पाठवावी. चारा सर्वांत आधी लागतो, कारण गंजी जळालेल्या शेतकऱ्याला दुसऱ्याच सकाळी म्हशीपुढे काय टाकायचे हा प्रश्न असतो. “काही लागलं तर सांगा” असे म्हटले की संकटातला माणूस काहीच सांगत नाही. “शनिवारी मी टेम्पोभर कडबा आणतो, कुठे उतरवू?” असे विचारले की तो जागा सांगतो.

आग विझवण्यासाठी उत्साहाने डोंगर चढणाऱ्या तरुणांना माझी कळकळीची विनंती आहे की वनरक्षकाच्या सूचनेशिवाय आणि अनुभवी माणसाच्या सोबतीशिवाय वर जाऊ नये. तमिळनाडूतील कुरंगणी येथे ११ मार्च २०१८ रोजी डोंगरात फिरायला गेलेल्यांना वणव्याने घेरले आणि वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. त्यांनी आग लावली नव्हती की ती विझवायलाही गेले नव्हते, ते फक्त उतारावर चुकीच्या जागी होते. खाली राहून पाण्याचे कॅन भरणे, रस्ता मोकळा ठेवणे, वृद्धांना हलवणे ही कामे तितकीच मोलाची आहेत.

परत जाताना

वन विभागाने किंवा पोलीस पाटलांनी परवानगी दिल्याशिवाय परत जाऊ नये. जळालेल्या झाडांची मुळे जमिनीखाली दिवसेंदिवस धुमसत राहतात. वरून राख सपाट दिसते आणि पाय ठेवला की तो निखाऱ्याच्या खड्ड्यात जातो. जाड बूट आणि मास्क घालूनच फिरावे, राख झाडण्यापूर्वी तिच्यावर पाणी शिंपडावे. तारा लोंबकळत असतील तर महावितरणच्या १९१२ क्रमांकावर कळवावे आणि वायरिंग तपासल्याशिवाय मेन स्विच चालू करू नये. उघड्या टाकीतले पाणी ओतून द्यावे.

साफसफाईला हात लावण्यापूर्वी नुकसानीचे फोटो काढावेत आणि तलाठ्याकडे पंचनाम्याची मागणी लेखी करावी. जनावर दगावले असेल तर पुरण्याआधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून तपासणी व दाखला घ्यावा. पंचनाम्याच्या वेळी शेजारी साक्षीला उभा राहिला तर मोठा आधार होतो, कारण आपल्याच घराची राख दाखवताना माणसाला पुष्कळ गोष्टी आठवत नाहीत. शेजाऱ्याला मात्र कोपऱ्यातली पिठाची गिरणी, माळ्यावरचे बियाणे आणि पडवीतली सायकल आठवते.

त्यानंतरचे काम जूनच्या आत उरकावे लागते. जळालेल्या उताराला माती धरून ठेवणारे गवत उरलेले नसते, त्यामुळे पहिल्या मोठ्या पावसात राख, माती आणि दगड ओढ्यातून थेट वस्तीत येतात. मे महिन्यात सगळ्या वाडीने मिळून ओढ्याचे तोंड मोकळे करावे, घरामागच्या उतारावर आडवे दगडी बांध घालावेत आणि पावसाळ्यात उतारावर नव्या भेगा दिसल्या तर ताबडतोब तहसील कार्यालयाला कळवावे. त्या वेळी पुन्हा घर सोडावे लागले, तर जानेवारीत ठरवलेले घर तेच असते. फक्त नदीला पूर असेल, म्हणून पूल न ओलांडता पोहोचता येईल असे तिसरे घरही यादीत लिहून ठेवावे.